हुकूम हाती आला, पण घडत काहीच नाही: मुलांची भेट, घराची वाटणी आणि दरखास्त

अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी बऱ्याच जणांना नवा दावा लावायचा नसतो. त्यांचा दावा केव्हाच संपलेला असतो, निकालाची प्रमाणित नक्कल त्यांनी जपून ठेवलेली असते, आणि तरीही त्या नकलेत लिहिलेल्यापैकी काहीही प्रत्यक्षात आलेले नसते. एखाद्या वडिलांना दर रविवारी मुलीला भेटण्याचा हुकूम मिळालेला असतो, पण रविवार उजाडला की समोरचा फोन बंद असतो किंवा मुलगी आजोळी गेलेली असते. एखाद्या बाईंना विजापूर रोडवरच्या फ्लॅटमधला पतीचा निम्मा हिस्सा तडजोडीत मिळालेला असतो, पण हक्कसोडपत्रावर सही करायला पती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाकडे फिरकत नाही. "कोर्टानं सांगितलंय की ओ मॅडम, मग कोर्टच का करून देत नाही?" असे दोघेही विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. न्यायालय हुकूम देते, पण तो पाळला गेला की नाही हे पाहायला आपणहून कोणाच्या दारी जात नाही. ज्याच्या बाजूने हुकूम झाला त्याला पुन्हा न्यायालयात येऊन दरखास्त, म्हणजे हुकमाच्या बजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते, आणि ही गोष्ट बहुतेकांना निकालाच्या दिवशी कोणी सांगितलेलीच नसते.

सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयात काम करताना या विषयावर माझे जे मत बनत गेले, ते येथे मांडते आहे. भेटीचा हुकूम आणि मालमत्तेचा हुकूम यांच्या बजावणीची वाट कायद्याने जवळपास एकच ठेवली आहे. मात्र दोन्हींना एकच रीत लावली की घर मिळायला उशीर होतो आणि मूल दुरावते. मालमत्तेसाठी कायद्यातले प्रत्येक साधन शेवटपर्यंत वापरावे. मुलाच्या भेटीसाठी तीच साधने माहीत असावीत, पण हात राखून वापरावीत. आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या बदल्यात कधीही देऊ-घेऊ नयेत.

आधी वाट कोणती ते सांगते. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १८ प्रमाणे या न्यायालयाच्या हुकूमनाम्याला आणि आदेशाला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ असते आणि त्याची बजावणी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ प्रमाणे, म्हणजे मुख्यतः तिच्या ऑर्डर २१ (बजावणीचे नियम) प्रमाणे होते. पोटगीचे जे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होत आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतात, त्यांची वसुली मात्र त्या संहितेप्रमाणे चालते, आणि थकलेल्या रकमेसाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. दिवाणी हुकूमनाम्याच्या बजावणीला मुदत कायद्याने सर्वसाधारणपणे १२ वर्षे दिली आहेत. अमुक कृती कराच, अशा आज्ञार्थी मनाईहुकमाला मात्र ३ वर्षेच आहेत, आणि हा फरक लक्षात न आल्यामुळे हातचा हक्क गेलेली माणसे मी पाहिली आहेत. १२ वर्षे आहेत म्हणून थांबण्यातही शहाणपणा नाही, कारण हुकूमनाम्याला २ वर्षे उलटली की दुसऱ्या बाजूला आधी कारणे दाखवा नोटीस काढावी लागते, आणि ती बजावण्यातच किती तारखा जातात हे नाझर कार्यालयाच्या (न्यायालयाच्या नोटिसा बजावणाऱ्या विभागाच्या) दारात उभे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

उशिराचे दुखणे फक्त सोलापूरचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी या प्रकरणात दरखास्त दाखल झाल्यापासून ६ महिन्यांत निकाली काढावी आणि उशीर झालाच तर त्याची कारणे लेखी नोंदवावीत, असे सांगितले. मार्च २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरणात त्याच न्यायालयाने सर्व उच्च न्यायालयांकडून प्रलंबित दरखास्तींची माहिती मागवली, तेव्हा देशभरातला आकडा ८ लाख ८२ हजारांच्या वर निघाला आणि त्यात सर्वाधिक वाटा महाराष्ट्राचा होता. हे आकडे सगळ्या दिवाणी दरखास्तींचे आहेत, केवळ कौटुंबिक वादांचे नाहीत. तरीही ६ महिन्यांच्या त्या निर्देशाचा उल्लेख दरखास्तीच्या पहिल्याच अर्जात करावा आणि तारखा लांबू लागल्या की लेखी अर्ज देऊन त्याची आठवण करून द्यावी. मी तसे करते आणि त्याचा उपयोग होतो.

आता मालमत्तेकडे वळते. घटस्फोट झाला की नवरा-बायकोच्या सगळ्या मालमत्तेचे आपोआप दोन सारखे भाग होतात, अशी समजूत मालिका आणि परदेशी बातम्या पाहून पसरली आहे. गोव्यातील वेगळ्या नागरी कायद्याचा अपवाद सोडला, तर भारतात तसा कायदा नाही. पतीच्या वडिलोपार्जित शेतीत घटस्फोटामुळे पत्नीला हिस्सा मिळत नाही. तिला मिळते ते तिच्या स्वतःच्या नावावरचे, दोघांच्या नावावर घेतलेल्यातला तिचा हिस्सा, तिचे स्त्रीधन, आणि हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २५ खालची कायमची पोटगी. याच अधिनियमाचे कलम २७ लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंबद्दल आहे. स्त्रीधन ही स्त्रीची निखालस स्वतःची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून ज्याला आपण वाटणी म्हणतो, ती बहुतेक वेळा निकालापेक्षा तडजोडीच्या अटींमधून होते, आणि या अटी ज्या घाईने लिहिल्या जातात त्या घाईतच पुढच्या दरखास्तीचे अपयश ठरून जाते.

दरखास्त चालवणाऱ्या न्यायालयाला हुकूमनाम्याच्या मागे जाता येत नाही. तेथे जे लिहिले आहे तेवढेच ते बजावू शकते, आणि पक्षकारांच्या मनात काय होते याची चौकशी करत बसू शकत नाही. "पती राहते घर पत्नीच्या नावे करून देतील" या वाक्याची बजावणी करायला निघाल्यावर कळते की त्यात सिटी सर्व्हे नंबर नाही, चतुःसीमा नाहीत, दस्त कोणत्या प्रकारचा करायचा ते नाही, किती दिवसांत करायचा ते नाही आणि मुद्रांक शुल्क कोणी भरायचे तेही नाही. तेच वाक्य मिळकत पत्रिकेप्रमाणे वर्णन देऊन, ६० दिवसांची मुदत घालून आणि मुदतीत दस्त न झाल्यास न्यायालयामार्फत करून घेण्याचा अधिकार नमूद करून लिहिले, तर समोरच्याच्या अनुपस्थितीने काही अडत नाही. ऑर्डर २१ च्या नियम ३४ प्रमाणे हुकूमधारकाने दस्ताचा मसुदा न्यायालयात द्यायचा, न्यायालय तो समोरच्याला पाठवून हरकती मागवते, आणि त्यानंतर न्यायालयाने नेमलेला अधिकारी त्या व्यक्तीच्या वतीने सही करून गरज असेल तर दस्त नोंदवूनही देतो. अशा सहीचे मोल त्या माणसाने स्वतः केलेल्या सहीइतकेच असते. सही न करणे हे आपल्या हातातले शेवटचे शस्त्र आहे असे समजून बसलेल्या माणसाचे हे शस्त्र कायद्याने १९०८ पासून काढून घेतलेले आहे. तरीही कित्येक बायका तेवढ्या एका सहीसाठी माहेरच्या ज्येष्ठांना मध्यस्थीला पाठवत राहतात, याचे मला फार वाईट वाटते.

तडजोडीत दाव्याबाहेरची स्थावर मिळकत आणली असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. न्यायालयाचा हुकूमनामा सहसा नोंदणीतून सुटतो, पण दाव्याचा विषय नसलेली स्थावर मिळकत ज्या तडजोड हुकूमनाम्यात येते, त्याला नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे ती सूट नाही. घटस्फोटाच्या अर्जात घराचा शब्दही नसावा आणि तडजोडीत मात्र जुळे सोलापुरातला बंगला यावा, असे सर्रास घडते. मग फेरफारासाठी गेल्यावर नोंद अडते. म्हणून मिळकतीचे वर्णन मूळ अर्जातच दुरुस्ती करून घालावे, असे मी आग्रहाने सांगते.

गृहकर्जाचेही असेच आहे. दोघांनी मिळून काढलेल्या कर्जाचे हप्ते यापुढे पतीच भरेल, असे तडजोडीत लिहिले तरी बँक त्या तडजोडीची पक्षकार नसते. हप्ते थकले तर बँक सहकर्जदार म्हणून पत्नीच्या दारातही येते. आधी बँकेचे पत्र, मग तडजोडीवर सही, हा क्रम मोडू नये.

दागिन्यांच्या बाबतीत यादी नुसती "सुमारे २० तोळे सोने" अशी असून चालत नाही. वस्तू कोणती, वजन किती, शक्य असेल तर पावती, लग्नाचा फोटो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वस्तू न मिळाल्यास पर्यायी रक्कम किती, हे हुकूमनाम्यात असायला हवे. जंगम वस्तूच्या हुकूमनाम्यात अशी पर्यायी रक्कम नमूद करण्याचे संहितेतच सांगितले आहे. बेलीफ जप्तीला गेला की कपाट रिकामे मिळते, पंचनामा होतो, आणि पर्यायी रक्कम नसेल तर पुढे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. सोन्याचा भाव ज्या वेगाने वाढतो आहे ते पाहता रक्कम ठोक न लिहिता वसुलीच्या दिवसाच्या बाजारभावाने लिहावी, हे अधिक न्याय्य आहे.

पैशाच्या वसुलीत पगार जप्त करता येतो. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात पगाराचा मोठा भाग जप्तीपासून सुरक्षित असतो, पण हुकूमनामा पोटगीचा असेल तर पगाराचा एक तृतीयांश भागच सुरक्षित राहतो आणि उरलेल्याला हात लावता येतो. म्हणून तडजोडीत देणी लिहिताना जी रक्कम खरोखर पोटगीची आहे तिला पोटगीच म्हणावे, "एकरकमी समझोता" अशा गोल शब्दांखाली झाकू नये. भविष्य निर्वाह निधीतली रक्कम मात्र निधीत असेपर्यंत जप्त होत नाही. नोकरदार पतीने "माझ्या पीएफमधून देईन" म्हटले की अनेकींना हायसे वाटते, पण त्या शब्दावर विसंबू नये. त्याऐवजी कलम २५ खालच्या रकमेसाठी त्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा मागावा, तो सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर चढवून घ्यावा. समोरच्याची मालमत्ताच कळत नसेल, तर ऑर्डर २१ च्या नियम ४१ खाली त्याला शपथेवर विचारता येते आणि मालमत्तेचे शपथपत्र देण्याचा आदेश मोडला तर ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांची शपथपत्रे द्यावी लागतात. ती शपथपत्रे दरखास्तीच्या वेळी फार कामाला येतात, म्हणून त्यांच्या नकला सुरुवातीलाच काढून ठेवाव्यात.

आपल्या जिल्ह्यात वादाच्या मुळाशी शेती असणे नित्याचे आहे. दोघांच्या नावावर घेतलेली मोहोळकडची ऊसाची जमीन असो की सांगोल्याकडची डाळिंबाची बाग, शेतसारा लागणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप न्यायालय स्वतः करत नाही. हिस्से ठरवून हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तेथून तहसील, मग भूमी अभिलेखची मोजणी, वाटप तक्ता, हरकती आणि शेवटी फेरफार. या प्रत्येक पायरीवर कागद पुढे सरकतो आहे की नाही, हे हुकूमधारकालाच पाहावे लागते. घर किंवा यंत्रमागाची शेड असेल तर कोर्ट कमिशनर पाहणी करतो आणि भाग पाडणे शक्य नसेल तर विभाजन अधिनियम, १८९३ खाली विक्री किंवा एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घेणे हा मार्ग राहतो. चालू मागांसह शेडचे दोन तुकडे करण्याचा हट्ट धरू नये. माग बंद पडले तर दोघांचाही हिस्सा भंगाराच्या भावात जातो.

भेटीच्या हुकमाकडे येताना माझा सूर बदलतो, कारण येथे ज्याची बजावणी करायची ते एक लेकरू आहे. भेटीच्या हुकमातही शब्दांची काटेकोरी तितकीच लागते. "वडिलांनी मुलाच्या सोयीने त्याला भेटावे" हा हुकूम कोणीही मोडू शकते आणि मोडला हे कोणालाही सिद्ध करता येत नाही. वार, वेळ, ठिकाण, मुलाला कोणी आणून सोडायचे, कोणी परत न्यायचे, मूल आजारी असेल तर किती आधी कळवायचे आणि त्या बदल्यात कोणती भेट द्यायची, हे सगळे लिहिलेले असावे. वडील पुण्यात नोकरीला असतील आणि शनिवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापुरात उतरत असतील, तर शनिवारी दुपारची भेट हा हुकूम कागदावर उदार दिसला तरी निरुपयोगी आहे. रविवारी सकाळी १० ते दुपारी ३ असे लिहिले की मुलाचाही दिवस ठरतो.

सणांबाबत तर फारच सावध राहावे लागते. "मुख्य सणांना दोघांना निम्मा वेळ" असे लिहिणारा मसुदा सोलापुरात टिकत नाही, कारण येथे मुख्य सण घरागणिक वेगळा आहे. एका घराला संक्रांतीच्या दिवसांतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा महत्त्वाचा असतो, पूर्व भागातल्या पद्मशाली घराला नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, तर तिसऱ्या घराला रमजान ईद. सणाचे नाव, त्यातला नेमका दिवस आणि सम-विषम वर्षांप्रमाणे पाळी, एवढे हुकमात घातले की पुढचे बरेच भांडण टळते. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचेही तसेच. त्याशिवाय २०२० च्या यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉलने संपर्क ठेवण्याच्या हक्काचा विचार करायला सांगितले आहे. त्याचा आधार घेऊन आठवड्यातून ठरलेल्या वेळी फोनवर बोलणे हेही हुकमात मागावे, विशेषतः पालक परगावी असेल तेव्हा.

एवढे करूनही भेट दिली जात नसेल तर ऑर्डर २१ चा नियम ३२ येतो. त्यात जप्तीही आहे आणि दिवाणी कैदही आहे, पण दोन्हींच्या आधी एक अट आहे: हुकूम पाळण्याची संधी मिळूनही समोरच्याने तो जाणूनबुजून मोडला, हे दाखवावे लागते. ही अट मी पक्षकारांना पुन्हा पुन्हा समजावून सांगते, कारण सगळा पुरावा याच अटीसाठी गोळा करायचा असतो. ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी हजर राहावे, आदल्या दिवशी सभ्य शब्दांत संदेश पाठवावा, तिकीट जपावे, भेट झाली नाही तर त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहून ठेवावे आणि लवकरात लवकर न्यायालयात पुरसिस (लेखी निवेदन) द्यावी. संदेशात एकही शिवी किंवा धमकी असता कामा नये, कारण ती एक ओळ बाकी सगळा पुरावा झाकून टाकते. आणि रडणाऱ्या मुलाचे चित्रण करू नये. न्यायालयाला ते आवडत नाही हे तर आहेच, पण आपले रडणे पुरावा म्हणून टिपले जात आहे हे मुलाला कळते आणि ते विसरत नाही.

पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० सर्व धर्मीयांना लागू आहे. त्याच्या कलम १२ खाली मुलाला हजर करण्याचा किंवा कलम २५ खाली ताब्यात परत पाठवण्याचा आदेश मोडल्यास कलम ४५ मध्ये दंड आहे: १०० रुपयांपर्यंत, पुढे प्रत्येक दिवसाला १० रुपयांपर्यंत, आणि सगळे मिळून ५०० रुपयांपर्यंत. १८९० मध्ये ही रक्कम जरब बसवणारी असेल, आज तिचा कोणालाच धाक नाही. संसदेने हे आकडे बदलायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विधी आयोगाने मे २०१५ मधल्या आपल्या २५७व्या अहवालात मुलांच्या ताब्याच्या कायद्यात सुधारणा सुचवल्या होत्या. कलम ४५ मध्येच दिवाणी कैदेचीही तरतूद आहे आणि ती दंडापेक्षा कितीतरी कठोर आहे. म्हणजे न्यायाधीशांच्या हातात एकीकडे किरकोळ दंड आणि दुसरीकडे तुरुंग, आणि मधली जागा जवळजवळ रिकामी, अशी स्थिती आहे.

ही मधली जागा भरण्याचे काम अर्ज लिहिणाऱ्या वकिलाचे आहे, असे मी मानते. मी सहसा पहिल्या अर्जात कैद मागत नाही. बुडालेल्या भेटींच्या बदल्यात तितक्याच भेटी, प्रवासखर्च, पुढच्या काही भेटी न्यायालयाच्या आवारात समुपदेशकांच्या देखरेखीखाली, आणि समोरच्या पालकाची लेखी हमी, एवढे मागते. समुपदेशकांचा अहवाल आला की न्यायाधीशांना मुलाच्या मनाचे चित्र दिसते आणि आडमुठेपणा कोणाचा आहे हेही कळते. जप्ती त्यानंतर. कैद अगदी शेवटी, आणि तीही मागताना मी पक्षकाराला विचारते की मूल ज्या आईजवळ राहते तिला तुरुंगात पाठवले, तर त्या दिवसांत मूल कोणाजवळ राहणार आणि मोठे झाल्यावर ते तुमच्याबद्दल काय म्हणणार. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही, पण भेटीच्या हुकमाला ते संरक्षण लागू नाही, म्हणून हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. पोलीस घेऊन मुलाला आणायला जाण्याबाबत माझे मत आणखी कडक आहे. मुलाच्या जिवाला किंवा प्रकृतीला धोका असेल, किंवा मूल लपवले असेल, तर पोलीस मदत जरूर मागावी. केवळ दोन रविवार बुडाले म्हणून शाळेच्या फाटकाशी गणवेशातला हवालदार उभा करू नये.

या दोन हुकमांची सांगड घालण्याबद्दल मी सुरुवातीला लिहिले, त्याचे कारण सांगते. तडजोडीच्या बैठकीत ही सांगड नेहमी पुढे येते. "आधी फ्लॅटवर सही, मग भेट" असे एक बाजू म्हणते, "आधी भेट, मग पोटगी" असे दुसरी. दोघांनाही आपली मागणी न्याय्य वाटते, आणि दमलेले वकील कधीकधी ती अट लिहूनही टाकतात. अशी अट लिहायला मी नकार देते. भेट ही पालकाला दिलेली सवलत नाही, ती दोन्ही पालकांचा सहवास मिळण्याचा मुलाचा हक्क आहे, आणि मुलाचा हक्क मोठ्यांच्या देण्याघेण्यात तारण म्हणून ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. पोटगी थकली म्हणून भेट थांबवता येत नाही आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही. दोन्हींसाठी वेगळ्या दरखास्ती आहेत, त्या वेगळ्याच दाखल कराव्यात, आणि एकीत तडजोड होत असेल तर दुसरीचा उल्लेखही तिच्या पुरसिसमध्ये येऊ देऊ नये. व्यवहाराच्या दृष्टीनेही यात तोटा नाही. मुलाला मध्ये न आणता चाललेली मालमत्तेची दरखास्त लवकर पुढे सरकते, कारण समोरच्याला तिच्यात भावनिक हरकती घेता येत नाहीत.

सोलापूर राज्याच्या सीमेवर असल्याने येथे आणखी एक अडचण नेहमी येते. माहेर किंवा सासर विजापूर, इंडी, गुलबर्गा किंवा हैदराबादला असते आणि निकालानंतर एक पालक मुलासह तिकडे राहायला जातो. अशा वेळी हुकूम निष्फळ होत नाही. कौटुंबिक न्यायालय अधिनियमाचे कलम १८ आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३९ यांच्या आधारे तो तिकडच्या न्यायालयाकडे बजावणीसाठी पाठवता येतो, त्यासाठी येथून हुकूमनाम्याची नक्कल आणि हुकूम कितपत पाळला गेला याचा दाखला जातो. मालमत्ता तिकडे असेल तर हे जरूर करावे. मूल तिकडे असेल तर मात्र आधी याच न्यायालयात भेटीचे ठिकाण आणि वेळ बदलून घेण्याचा अर्ज द्यावा, कारण दर रविवारी मुलाने गुलबर्ग्याहून यावे असा जुना हुकूम तसाच ताणला तर पहिला त्रास मुलालाच होतो.

हुकूम हेतुपुरस्सर मोडला किंवा न्यायालयाला दिलेली हमी मोडली, तर अवमान याचिकेचाही मार्ग आहे. तडजोडीच्या आदेशाचा जाणूनबुजून भंग हा अवमान होऊ शकतो, दरखास्तीचा मार्ग खुला असला तरीही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये रमा नारंग प्रकरणात म्हटले आहे. त्यासाठी भंग झाल्यापासून एका वर्षाची मुदत असते आणि याचिका उच्च न्यायालयात करावी लागते. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे काम सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा तिच्या कक्षेत आला, त्यामुळे कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावरची अपिलेही आता तिकडेच जातात. पक्षकारांच्या खर्चात आणि वेळेत याने खरोखर फरक पडला आहे. परस्परसंमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही, हे मात्र सही करण्याआधीच समजून घ्यावे.

शेवटचा मुद्दा वाढत्या मुलांचा. मालमत्तेचा हुकूमनामा अंतिम झाला की तो बदलत नाही, पण मुलाच्या ताब्याचे आणि भेटीचे हुकूम स्वभावतःच तात्पुरते असतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब प्रकरणात सांगितले आहे, आणि हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ मध्ये ते बदलून घेण्याची सोय आहे. तीन वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेला हुकूम ती तेराची झाल्यावर तसाच चालवणे चुकीचे आहे. तिला रविवारी क्लास असतो, मैत्रिणी असतात, आणि कोणाला कधी भेटायचे याबद्दल स्वतःचे मत असते. न्यायाधीश तिला दालनात बोलावून विचारू शकतात. अशा वयाची मुलगी भेटीला नको म्हणत असेल, तर तो नकार पढवलेला आहे की तिचा स्वतःचा आहे, हे समुपदेशकांकडून समजून घेईपर्यंत मी जुन्या हुकमाची दरखास्त पुढे रेटत नाही. आधी कलम २६ खाली बदलाचा अर्ज देते, त्यात लहान आणि कमी अंतराच्या भेटी सुचवते, ठिकाण मुलीने सांगितलेले लिहिते, आणि जुन्या दरखास्तीत तो अर्ज निकाली निघेपर्यंत तहकुबी मागते. मालमत्तेची दरखास्त मात्र त्याच वेळी, त्याच न्यायालयात, पूर्ण वेगाने चालू ठेवते.